पुण्याहून जळगावला परत यायचंय, पगार किती सांगू?

यावलचा_पाहुणा

मंडळी, सोमवारपर्यंत आकडा कळवायचा आहे म्हणून घाईत धागा काढतोय.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, एकाच ठिकाणी सहा वर्षं पूर्ण झाली. सीटीसी (म्हणजे कंपनीला माझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) ७.२० लाख, हातात महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास. गाव यावल तालुक्यात. घरची केळी आहे, सध्या वाट्याने दिली आहे. वडिलांचे गुडघे गेलेत, आई एकटी सगळं ओढते, त्यामुळे परत यायचं मनात होतंच. जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कंपनीत मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत प्लांट हेडने केबिनमध्ये बसवलंच नाही, चालू एक्स्ट्रूडरपाशी (प्लास्टिक वितळवून पाइप काढायचं मशिन) नेऊन उभं केलं आणि विचारलं, "हा हीटर बँड सारखा जातोय, कारण शोध." मजा आली, काम जमेल. मग एचआरचा फोन: "अपेक्षा किती?" मी म्हटलं सोमवारी सांगतो. जाता जाता त्यांनी सुनावलं, "आपल्याकडे जळगावच्या हिशेबाने असतं बरं का."

घरचे म्हणतात घर आपलं, जेवण आपलं, भाडं नाही, ३५ हजार मिळाले तरी खूप झाले. रूममेट म्हणतो ३० टक्के वाढ मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मी काय सांगू?

कंपनीचं नाव विचारू नका.

धुळेभो

आरे भो, पयले हाई सांग, तुले गावले येवानं शे का पैसा जमाडाना शे? दोन्ही व्हई, पन शेठले आधी आकडा सांगू नको.

शेवभाजी_तिखट

नाव विचारू नका म्हणतो आणि पाइप, एमआयडीसी, प्लांट हेड, बिघडलेला हीटर सगळं सांगून मोकळा. जळगावात एवढ्यावर लोक सोयरीक जुळवतात.

आकडेमोड

पाहुणे, आधी तुमचा सध्याचा आकडा सोलून बघू. ७.२० लाख म्हणजे महिन्याला ६० हजार. बेसिक ३० धरतो. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग, वर्षाला ६० हजार असेल तर महिन्याचे ५,००० बाजूला. कंपनीचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर, १,८००. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, १,४४३. उरले ५१,७५७, हा तुमचा खरा महिन्याचा ग्रॉस. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ४९,७५७. नव्या कररचनेत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर नाही, तेव्हा टीडीएसचा विषय नाही. बरोबर येतंय का?

आता जळगाव. इथल्या बऱ्याच कंपन्यांत शेठ सीटीसी बोलतच नाही, "महिना ४५ देतो" म्हणतो. ते ४५ ग्रॉस असतात आणि कंपनीचा पीएफ त्यांच्या वर. तुमच्या पुण्याच्या भाषेत ते किती? ४५,००० अधिक १,८०० अधिक ग्रॅच्युइटीचे हजार-अकराशे, म्हणजे वर्षाला पावणेसहा लाखांच्या जवळपास. हातात ४३. उलट एचआर तुम्हाला "साडेपाच लाख सीटीसी" म्हणाली आणि त्यात दहा टक्के व्हेरिएबल निघालं, तर हातात ४० सुद्धा नाहीत. ऐकायला दोन्ही ऑफर सारख्याच.

म्हणून सोमवारी पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा: आकडा सीटीसीत सांगू की महिन्याच्या ग्रॉसमध्ये, आणि कंपनीचा पीएफ आत की बाहेर? हे ठरल्याशिवाय ३५, ४५, ६० सगळे आकडे हवेत.

तापीतीर

आमच्याकडे केळीचंही असंच. बऱ्हाणपूरचा भाव बोर्डावर एक आणि बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. सीटीसी म्हणजे बोर्डावरचा भाव.

यावलचा_पाहुणा

@आकडेमोड, हातात ४९,७०० येतात. तुम्ही माझी पगारपावती बघितली की काय? व्हेरिएबल मात्र गेल्या वर्षी निम्मंच मिळालं.

कळण्याची_भाकरी

मूळची चोपड्याची, बरीच वर्षं पुण्यात एचआरमध्ये आहे. पलीकडच्या खुर्चीत बसून सांगते.

घरच्यांचं "भाडं नाही म्हणून ३५ चालतील" हे डोक्यातून काढ. तुझं घर यावलला आहे ही तुझ्या वडिलांची कमाई. तिची सवलत कंपनीला कशाला? उद्या तुझ्या शेजारी बसणारा भाड्याने राहत असेल तर त्याला शेठ भाड्याचे जास्त देणार आहे का? खर्चाचा हिशेब घरी करायचा, त्यावरून आपली खालची पायरी ठरते. ती कुणाला सांगायची नाही. मागायचं ते कामाच्या दरावर.

रूममेटचे ३० टक्केही सोड. पुण्यातल्या पुण्यात, एका कंपनीतून त्याच धंद्यातल्या दुसरीत उडी मारताना लोक ते म्हणतात. इथे शहर बदलतंय, धंदा बदलतोय, वाहनांच्या भागांवरून प्लास्टिकवर चाललायस. टक्क्यांना काही आधारच राहत नाही.

आकडा आधी कुणी सांगायचा? सरळ विचार: "या जागेसाठी तुमचं बजेट किती ठरलंय?" निम्म्या वेळा एचआर सांगून टाकते. मी स्वतः सांगते, कारण तीन फेऱ्या घेऊन शेवटी पैशावर फिसकटलं तर माझाच महिना वाया जातो. नाहीच सांगितलं तर एक आकडा सांग. "४५ ते ५५" असा पट्टा सांगू नकोस, समोरच्याला फक्त ४५ ऐकू येतात.

आणि सध्याचा पगार फुगवून सांगू नकोस. तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ मागतात. आम्ही बघतो.

शेवभाजी_तिखट

"आम्ही बघतो" वाचून अंगावर काटा आला ताई.

चटईवाला

मी एमआयडीसीत छोटा कारखाना चालवतो, प्लास्टिकच्या चटयांचा. इथे सगळे घेणारे बोलतायत, देणाऱ्याचंही ऐका.

ताई म्हणतात "कामाचा दर". कुठला दर? चाकणचा की जळगावचा? चाकणला माझ्या मालाचा भाव मिळाला तर मीही चाकणचा पगार देईन. माझी खरी अडचण वेगळी. माझ्याकडे मेंटेनन्सला एक दादा आहेत, वडिलांच्या काळापासूनचे. मशिनचा आवाज ऐकून बेअरिंग सांगतात. त्यांना मी ४६ देतो. उद्या पुण्याहून आलेल्या मुलाला ५५ दिले तर संध्याकाळी टपरीवर आकडा फुटलाच म्हणून समजा, आणि सकाळी दादा केबिनबाहेर उभे. मग मला दोघांचे वाढवावे लागतात, नाहीतर दादांना गमवावं लागतं. मुलगा जेव्हा ५५ मागतो तेव्हा माझ्या डोक्यात पुढची सगळी रांग दिसते.

म्हणून महिन्याच्या आकड्यात मी कडक असतो. बाकी गोष्टींत हात सैल असतो, पण लोक मागतच नाहीत. पेट्रोल, मोबाइल, आई-वडिलांचा मेडिक्लेम, सामान हलवायचा खर्च, नोटीस पिरियडचे पैसे, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार. यातलं काही रांगेतल्या इतरांना टोचत नाही. पाहुण्या, वडिलांचे गुडघे म्हणालास ना? हजार-दोन हजारांवर अडून बसण्यापेक्षा घरच्यांचा विमा माग.

आणि आकडा न सांगता "तुम्हीच सांगा, तुम्हीच सांगा" करणाऱ्याचा मला कंटाळा येतो. माझ्या डोक्यात एक आकडा असतो हे खरं. मी आधी बोललो तर त्याच्या खालचाच बोलेन, हेही खरं.

धुळेभो

दखा! शेठ सोताच सांगी राह्यना.

पुणेरी_खानदेशी

@चटईवाला, दादांना ४६ का, हा प्रश्न कुणीच विचारत नाहीये. आवाज ऐकून बेअरिंग सांगणारा माणूस चाकणला ७० घेईल. तो सोडून जात नाही म्हणून त्याला ४६, आणि तो ४६ वर आहे म्हणून नव्यालाही ४६. असंच चालायचं असेल तर खान्देशातली पोरं ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्येच म्हातारी होणार.

चटईवाला

भाऊ, दादांच्या मुलीच्या लग्नाला आणि घराच्या स्लॅबला पैसे कुणी दिले ते दादांना विचारा. चाकणची कंपनी देते का बिनव्याजी?

पुणेरी_खानदेशी

देत नाही. पण तेच पैसे पगारात असते तर मागायला लागले नसते. शिवाय ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्याकडे वाढ कोण मागणार?

जंक्शनकाका

भुसावळहून नमस्कार. रेल्वेत हयात गेली, पगार मागायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आयोग बसायचा, अहवाल यायचा, थकबाकी मिळायची, त्यात कुणाचा फ्रिज, कुणाची गाडी. सातव्या आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून किमान बेसिक १८ हजार केलं, जुन्याला २.५७ ने गुणलं, संपलं. आता आठव्याची चर्चा. आमच्या कॉलनीत सकाळच्या फिरायच्या वेळी गुणक किती असेल यावर रोज भांडण होतं, आणि भांडणारे सगळे पेन्शनर.

मुलाला मात्र खासगीत मागता येत नाही, आमच्यावर गेलाय. पहिल्याच आकड्याला हो म्हणून येतो.

शेवभाजी_तिखट

काका, त्याला अमळनेरला पाठवा. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. पगार कमी असला तरी चालेल, शेअर द्या म्हणायचं. अमळनेरात जुने शेअर सांभाळून बसलेली घरं आहेत म्हणतात.

आकडेमोड

मी अमळनेरचाच. आमच्या घरात तेव्हा डालड्याचा डबा आणला होता, शेअर नाही. पुढे चला.

सौ_हिशेबनीस

मी धुळ्याची, अवधान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. मुलं लहान असताना काही वर्षं घरी होते, नंतर पुन्हा नोकरी शोधली. तेव्हाचं सांगते, कारण इथे सगळे "सध्याचा पगार" धरून बोलतायत आणि ज्यांना सध्याचा पगारच नाही त्यांचं काय?

मालकांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं शिक्षक आहेत. "मग तुम्हाला कशाला एवढा पगार लागतो?" मी म्हटलं, "साहेब, तुमचं जीएसटी मिस्टर भरणार नाहीत, मी भरणार." ते हसले, पण आकडा काही हलला नाही. सोडण्याआधी मला १८ मिळायचे, त्यांनी २० सांगितले आणि वर "दोन वाढवून देतोय" म्हणाले. मधल्या वर्षांत जीएसटी आलं, ई-वे बिल आलं, टॅलीची आवृत्ती बदलली, तेलाचा डबा कुठल्या कुठे गेला, आणि माझे १८ मात्र तिथेच गोठलेले.

घरी गेले आणि कामाची यादी केली. दर महिन्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी, टीडीएस, पन्नासेक माणसांचे पीएफ-ईएसआयसीचे भरणे, बँकेचा ताळमेळ, ऑडिटची तयारी. हेच काम बाहेरच्या सल्लागाराला दिलं तर तो महिन्याला काय घेतो ते ओळखीतल्या दोघांना विचारलं. दुसऱ्या दिवशी कागद पुढे ठेवला आणि ३२ सांगितले. २८ वर ठरलं, आणि पहिलं ऑडिट पार पडल्यावर ३२ हे पत्रात लिहून घेतलं. मिळाले.

पाहुण्यांनीही तेच करावं. "सहा वर्षं अनुभव" म्हणून काही कळत नाही. कुठलं मशिन किती वेळ बंद असायचं आणि तुम्ही आल्यावर किती, ते सांगा.

ता.क. बायकांना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. तेवढे दोनशे रुपये मागावे लागत नाहीत.

कळण्याची_भाकरी

ताई, तुमचा कागद मला पाठवा, आमच्या ट्रेनिंगला वापरते. मिस्टरांचा प्रश्न मला पुण्यात काचेच्या इमारतीतही विचारलाय, फक्त इंग्रजीत.

तापीतीर

मी परत आलेला माणूस आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. नाशिकहून भुसावळकडे आलो, पगार चांगला पाव भाग कमी घेतला. चार पैसे कमी पण संध्याकाळी घरी, हा सौदा मला पटलेला होता आणि आजही पटतो. पण दोन वर्षांनी त्या कंपनीच्या ऑर्डरी आटल्या आणि पुन्हा बाहेर शोधायची वेळ आली. तेव्हा नाशिकवाल्यांनी भुसावळची पगारपावती धरली आणि त्यावर २० टक्के वाढ देऊ केली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जिथे होतो त्याच्याही खाली. आधीचा आकडा दाखवला तर म्हणे "तो जुना झाला".

तेव्हा कमी घ्यायचं तर घे, पण पत्रातला आकडा फार पडू देऊ नकोस. जे कमी करायचं ते तुझ्याकडचं कमी कर, म्हणजे जॉइनिंगला पंधरा दिवस सूट दे, व्हेरिएबल जास्त घे, काहीही. फिक्स्ड पाडू नकोस.

आकडेमोड

@तापीतीर, व्हेरिएबलचं नाही पटलं. शेठच्या कंपनीत व्हेरिएबल म्हणजे दिवाळीला पाकीट, आतला आकडा त्या वर्षीच्या धंद्यावर आणि मुनीमजींच्या चेहऱ्यावर.

पाहुणे, आणखी काही गोष्टी.

शनिवार. चाकणला पाच दिवस असेल तर महिन्याचे साधारण २२ दिवस, जळगावला सहा दिवसांचे २६. तुमचे ५१,७५७ भागिले २२ म्हणजे दिवसाला साडेतेवीसशे. ४५ हजार भागिले २६ म्हणजे सतराशे तीस. भाडं वाचतं म्हणणाऱ्यांना हा भागाकार दाखवा.

पत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम भत्त्यांत दाखवली तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. बेसिक बारा हजार आणि बाकी "विशेष भत्ता" असं पत्र आलं तर विचारा. नोकरी कायम आहे की ठरावीक मुदतीची तेही बघा. मुदतीच्या नोकरीत ग्रॅच्युइटी आता एका वर्षानंतर लागू होते, कायम नोकरीत पाच वर्षं.

त्यावरून आठवलं, तुमची तर सहा वर्षं झालीत! बेसिक ३० हजार असेल तर १५ भागिले २६ गुणिले ३०,००० गुणिले ६, म्हणजे एक लाख तीन हजार आठशेच्या पुढे. ते तुमचे हक्काचे आहेत, निघाल्यावर ३० दिवसांत मिळायला हवेत, आणि नव्या पगाराच्या बोलण्यात त्यांचा काही संबंध नाही. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

यावलचा_पाहुणा

ग्रॅच्युइटीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात ठिबक बदलून घेऊ."

शेवभाजी_तिखट

पाइप कंपनीत लागतोय आणि ठिबक विकत घेतोय? स्टाफला सवलत माग, बघ शेठ यालाही नाही म्हणतो का.

पुणेरी_खानदेशी

उन्हाचे पण मागून घे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि तू एक्स्ट्रूडरशेजारी.

शेवभाजी_तिखट

लग्नाचं राहिलं की. मुलगा पुण्याला ३० हजारांवर असला तरी स्थळं येतात, "पुण्याला असतो" एवढंच पुरतं. जळगावला ५० वर असला तर मुलीकडचे विचारतात, "मग पुण्याला कधी जाणार?" याची भरपाई कुठल्या भत्त्यात बसते ते आकडेमोडांनी सांगावं.

जंक्शनकाका

रेल्वेवाल्याला हा प्रश्न येत नसे. क्वार्टर आणि पास म्हटलं की मुलगी पसंत.

सौ_हिशेबनीस

मुलगी पसंत की मुलीला पसंत, काका? असो. पाहुण्यांचं लग्न झालंय की नाही हेच माहीत नाही आपल्याला. सोमवार जवळ आलाय, आकड्यावर या.

कळण्याची_भाकरी

खालची पायरी किती निघते सांग. पुण्याचा खर्च किती?

यावलचा_पाहुणा

खोलीचा वाटा, मेस, पेट्रोल आणि घरी जाणं-येणं धरून तेवीसेक हजार. बाकी घरी आणि बचत, म्हणजे २६-२७. गावाहून ये-जा केली तर पेट्रोल, चहापाणी आणि घरच्या किराण्यात माझा हात, असे १५ जातील. जेवण घरचं म्हणजे फुकट नसतं, आई सांगत नाही एवढंच.

कळण्याची_भाकरी

म्हणजे हातात ४२ आले तर आजच्याइतकेच शिल्लक. ग्रॉस ४४. याच्या खाली गेलं तर नमस्कार करून उठायचं. ही पायरी फक्त तुझी आणि या धाग्याची.

सांगायचा आकडा आजच्या ग्रॉसच्या खाली नको, कारण काम हलकं होत नाहीये आणि शनिवार वाढतोय. मी असते तर ५५ ग्रॉस सांगितले असते, कंपनीचा पीएफ वर. ते ४५ म्हणतील. मग बोलणं सुरू होईल.

चटईवाला

५५ ऐकून मी खुर्ची मागे सरकवली असती. पण उठून गेलो नसतो. ५२ म्हण, आणि हीटर बँडचं कारण सापडलं होतं का ते आठवण करून दे.

यावलचा_पाहुणा

सापडलं होतं. बँडमध्ये काही दोष नव्हता, तापमान मोजणारं थर्मोकपल सैल होतं, त्यामुळे कंट्रोलर बँडला सारखा तापवत बसायचा.

चटईवाला

मग ५४ म्हण.

धुळेभो

शेठ तुमना कारखानामा जागा शे का? त्याले आठेच ली ल्या!

यावलचा_पाहुणा

काल बोलणं झालं. एचआर नव्हती, मालकांचा मुलगा आणि प्लांट हेड होते.

मी आधी बजेट विचारलं. मुलगा म्हणाला, "तुम्ही सांगा ना." मी ५४ ग्रॉस सांगितले आणि हिशेबनीस ताईंच्या पद्धतीचा कागद पुढे केला: दोन मशिनांचा बंद वेळ आधी आणि नंतर, महिन्याचा स्पेअरचा खर्च. तो कागद मुलाने बघितला नाही, प्लांट हेडने बघितला. मुलगा ४४ म्हणाला आणि "तुमचं घर इथलंच आहे ना" हे वाक्य आलंच. मी म्हटलं, "घर वडिलांनी बांधलंय साहेब." प्लांट हेड खाली बघून हसले. नंतर दोघं बाहेर जाऊन आले. ४८. मी म्हटलं ४८ ला हो म्हणतो, पण आई-वडिलांचा मेडिक्लेम कंपनीचा, महिन्यातून दोन शनिवार सुट्टी आणि सहा महिन्यांनी फेरविचार. शनिवारी अडलं, मेंटेनन्स सुट्टीच्याच दिवशी करावा लागतो म्हणाले. त्याऐवजी ४९ आणि सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली रजा. मेडिक्लेमला लगेच हो म्हणाले, चटईवाल्यांचं बरोबर निघालं.

नोटीस ६० दिवसांची आहे, त्यांना ३० दिवसांत हवाय. बाकीचे पैसे ते भरतील म्हणाले, तोंडी.

कळण्याची_भाकरी

तोंडी काही नाही. पत्र येईपर्यंत राजीनामा टाकू नकोस. नोटीसचे पैसे, मेडिक्लेममध्ये आई-वडिलांची नावं, फेरविचाराचा महिना, बदली रजा, सगळं पत्रात किंवा निदान ईमेलवर. मेडिक्लेममध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात का तेही विचार, गुडघ्यांसाठी तोच मुद्दा आहे.

आकडेमोड

४९ ग्रॉस म्हणजे हातात ४७. पायरीच्या पाच हजार वर. २६ दिवसांनी भागलं तर अजूनही १,८८५च येतात, पण ते मी घरी भागतो, तुम्ही भागू नका.

पुणेरी_खानदेशी

अभिनंदन. तरी माझं मत तेच, दादांना ४६ कमीच आहेत.

चटईवाला

दादांचे या महिन्यापासून ५० केलेत. या धाग्यामुळे नाही, पाहुण्याच्या कंपनीने उद्या त्यांनाच फोन केला तर काय, म्हणून.

जंक्शनकाका

थकबाकीसह का?

यावलचा_पाहुणा

पत्र आलं. नोटीसचे पैसे लिहिलेत, मेडिक्लेममध्ये "पालक" लिहिलंय पण नावं नाहीत, फेरविचाराचा उल्लेख नाही. ईमेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय. राजीनामा अजून खिशात.

नंदुरबारी_मिरची

धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे: मी नंदुरबारला मिरची पावडरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, सुरतची एक कंपनी जास्त पगार देते आहे पण राहायची सोय...

सौ_हिशेबनीस

नवीन धागा काढा ताई, इथे खाली कुणी बघणार नाही. आणि तिथे आधी हे लिहा, ग्रॉस की सीटीसी.